कॉम्प्युटर सुरू होतो, पण बायोसचा स्क्रीन दिसतच नाही? मदरबोर्ड बदलण्याआधी हे तपासा

बटण दाबलं, पंखा फिरला, काही सेकंद स्क्रीन काळा राहिला आणि एकदम विंडोज उघडलं. मधे कंपनीचा लोगो यायचा, खाली 'सेटअपसाठी डिलीट दाबा' अशी ओळ यायची, ते काहीच आलं नाही. रोजच्या कामात यामुळे अडत नाही, म्हणून कोणी लक्षही देत नाही. अडतं ते विंडोज नव्याने टाकायची वेळ आल्यावर. पेनड्राइव्ह लावलेला असतो, डिलीटचं बटण दाबून दाबून बोट दुखतं आणि मशीन मात्र प्रत्येक वेळी सरळ जुन्याच विंडोजमध्ये जातं.

सध्या ही तक्रार जास्त ऐकू येते. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. त्यामुळे सेवा केंद्रवाले, दूध डेअरीवाले, कॉलेजची पोरं असे सगळेच विंडोज ११ कडे जायचं बघतायत. त्यासाठी बायोसमध्ये जाऊन एकदोन गोष्टी चालू कराव्या लागतात. तिथे जाता येईना की मशीन तालुक्याच्या गावाला जातं आणि काही ठिकाणी एका वाक्यात निकाल लागतो, 'बोर्ड गेलाय, बदलावा लागेल.' पीकविम्याची नाहीतर प्रवेश अर्जाची शेवटची तारीख तोंडावर असेल, तर माणूस घासाघीस न करता हो म्हणतो.

म्हणून एक गोष्ट आधी पक्की समजून घ्या. तुमचं विंडोज चालू होत असेल, तर बायोस जिवंत आहे. बायोसने आपलं काम केल्याशिवाय विंडोज उघडूच शकत नाही. स्क्रीन दिसत नाही याचा अर्थ काम झालं नाही असा नाही, ते तुम्हाला दाखवलं गेलं नाही एवढाच आहे. या एका लक्षणावरून मदरबोर्ड बदलायची गरज नसते.

बायोस करतं तरी काय?

विहिरीवरची मोटर चालू करण्याआधी आपण तिन्ही फेज आल्या का बघतो, पाणी किती आहे बघतो, व्हॉल्व्ह बघतो आणि मगच स्टार्टरचं बटण दाबतो. कॉम्प्युटरमध्ये हे काम बायोस करतं. रॅम आहे का, कीबोर्ड आहे का, डिस्प्ले आहे का, हार्ड डिस्क कुठे आहे हे तपासायचं आणि मग विंडोजच्या हातात मशीन द्यायचं. हा छोटा प्रोग्राम मदरबोर्डवरच्या चिपमध्ये असतो, हार्ड डिस्कमध्ये नाही. म्हणून डिस्क काढली तरी बायोस उघडतं.

१९८१ साली आयबीएम कंपनीचा पर्सनल कॉम्प्युटर आला, तेव्हापासून ही पद्धत घरोघरच्या मशीनमध्ये रुळली. जुन्या मशीनवर काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं यायची, रॅमचे आकडे मोजले जायचे. त्याला वेळ लागायचा, म्हणून डिलीट दाबायला सवडही मिळायची. पुढे यूईएफआय नावाची नवी पद्धत आली. आजच्या मशीनमध्ये तीच असते, आपण सवयीने तिलाही बायोसच म्हणतो. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं आणि मशीन लवकरात लवकर सुरू करायची चढाओढ लागली. त्यात एसएसडी आली. पूर्वी जिथे दहा-पंधरा सेकंद मिळायचे, तिथे आता एकदोन सेकंदच मिळतात.

स्क्रीन गायब करणाऱ्या दोन घाया

पहिली घाई बायोसची स्वतःची. तिचं नाव 'फास्ट बूट'. काल सगळं ठीक होतं तर आजही ठीकच असेल असं धरून बायोस बरीच तपासणी गाळतं. काही बोर्डांवर याहून पुढची 'अल्ट्रा फास्ट' पायरी असते. ती चालू असेल तर विंडोज उघडेपर्यंत यूएसबी कीबोर्डला जागच येत नाही. मग तुम्ही डिलीट कितीही बडवा, ऐकायला कोणी नसतं.

दुसरी घाई विंडोजची. तिचं नाव 'फास्ट स्टार्टअप'. रात्री चूल पूर्ण न विझवता निखारे राखेत झाकून ठेवायचे आणि सकाळी फुंकर मारून पेटवायची, तसा हा प्रकार आहे. तुम्ही 'शट डाउन' केलं की विंडोज आपला आतला मुख्य भाग डिस्कवर जपून ठेवतं आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच उठतं. म्हणजे शट डाउन केलेलं मशीन खऱ्या अर्थाने पूर्ण बंद झालेलं नसतं. 'रिस्टार्ट' केल्यावर मात्र चूल साफ करून नव्याने पेटते. 'बंद करून चालू केलं तरी फरक पडेना' असं म्हणणाऱ्यांनी हा फरक लक्षात ठेवावा.

आता क्रमाने जाऊ. आधी फुकटचे उपाय, पैशाचे शेवटी.

पायरी १ : रिस्टार्ट करून बघा

शट डाउन न करता स्टार्ट मेनूतून 'रिस्टार्ट' करा. स्क्रीन काळा झाल्यापासून डिलीट किंवा एफ २ सेकंदाला दोनतीनदा टकटक दाबत राहा. एकदाच दाबून धरू नका, काही मशीन त्याला कीबोर्ड अडकलाय असं समजतात. विंडोजचा लोगो आला म्हणजे वेळ गेली, पुन्हा रिस्टार्ट करा. बऱ्याच जणांचं काम इथेच होतं.

पायरी २ : मॉनिटर उशिरा जागा होतोय का?

बायोसचा स्क्रीन येऊनही जातो, पण मॉनिटर तेव्हा झोपेत असतो. सिग्नल ओळखून चित्र दाखवायला काही मॉनिटर तीनचार सेकंद घेतात. टीव्ही मॉनिटर म्हणून लावला असेल तर त्याहून जास्त. तेवढ्यात लोगो येऊन गेलेला असतो.

- आधी मॉनिटर चालू करा, मग सीपीयूचं बटण दाबा.
- मॉनिटरच्या मेनूत इनपुट 'ऑटो' असेल तर तुमची केबल ज्या प्रकारची आहे ती निवडा, एचडीएमआय किंवा व्हीजीए.
- मधे कन्व्हर्टर लावला असेल तर तो काढून सरळ केबल लावून बघा. काही स्वस्त कन्व्हर्टर पहिल्या काही सेकंदांत चित्र देत नाहीत.
- मशीनला वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डाच्याच पोर्टला हवी. कार्ड असूनही केबल बोर्डाच्या पोर्टला असेल तर बायोस एकीकडे चित्र दाखवतं आणि तुम्ही दुसरीकडे बघत बसता.
- दोन मॉनिटर असतील तर एक काढून ठेवा.
- सेकंडहँड घेतलेलं फार जुनं ग्राफिक्स कार्ड असेल तर ते नव्या यूईएफआय पद्धतीला साथ देत नाही. विंडोजमध्ये चित्र येतं, बायोसमध्ये नाही. बोर्डावर स्वतःचा डिस्प्ले पोर्ट असेल आणि प्रोसेसर त्याला चालणारा असेल, तर कार्ड काढून त्या पोर्टवर बघा.

एक सोपी खूण सांगतो. बटण टकटक दाबल्यावर विंडोज उघडलंच नाही आणि स्क्रीन काळाच राहिला, तर तुम्ही बहुधा बायोसच्या आत पोचला आहात, फक्त दिसत नाहीये. अशा वेळी दोष मॉनिटर, केबल किंवा कार्डाचा.

पायरी ३ : कीबोर्ड आणि बटण बरोबर आहे का?

वायरलेस कीबोर्ड बाजूला ठेवा, साधा वायरवाला घ्या. तो सीपीयूच्या मागच्या बाजूला, थेट बोर्डाच्या पोर्टला लावा. पुढचे पोर्ट आणि यूएसबी हब टाळा. निळा पोर्ट असेल तर काळ्या पोर्टमध्ये लावून बघा. जुना गोल पिनचा कीबोर्ड आणि त्याचा पोर्ट दोन्ही असतील तर उत्तमच. मात्र गोल पिन लावताना मशीन बंद ठेवा.

प्रत्येक कंपनीचं बटण वेगळं असतं. आपल्याकडे कंपन्यांच्या ऑफिसातून निघालेली सेकंडहँड मशीन भरपूर आहेत, त्यांची बटणं अशी :

- डेल : बायोससाठी एफ २, पेनड्राइव्ह निवडायला एफ १२
- एचपी : बायोससाठी एफ १०, पेनड्राइव्हसाठी एफ ९, एस्केप दाबलं तर दोन्हींचा मेनू येतो
- लेनोवो थिंकसेंटर : बायोससाठी एफ १, पेनड्राइव्हसाठी एफ १२

असेंबल केलेल्या मशीनवर बोर्डाचं नाव बघा :

- गिगाबाइट : डिलीट, पेनड्राइव्हसाठी एफ १२
- आसुस : डिलीट किंवा एफ २, पेनड्राइव्हसाठी एफ ८
- एमएसआय : डिलीट, पेनड्राइव्हसाठी एफ ११
- ॲसरॉक : एफ २ किंवा डिलीट, पेनड्राइव्हसाठी एफ ११

पेनड्राइव्हवरून विंडोज टाकायचं एवढंच काम असेल, तर बायोसमध्ये शिरायची गरजही नसते. पेनड्राइव्हचा मेनू उघडला तरी भागतं.

पायरी ४ : विंडोजमधूनच आत जा

बटणाचा खेळ जमत नसेल तर हा रस्ता सगळ्यात खात्रीचा. इथे वेळ साधायची भानगड नाही.

विंडोज ११ मध्ये 'सेटिंग्ज', मग 'सिस्टीम', मग 'रिकव्हरी'. विंडोज १० मध्ये 'सेटिंग्ज', मग 'अपडेट अँड सिक्युरिटी', मग 'रिकव्हरी'. तिथे 'ॲडव्हान्स्ड स्टार्टअप' समोर 'रिस्टार्ट नाऊ' आहे, ते दाबा. निळा स्क्रीन येईल. त्यात 'ट्रबलशूट', मग 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स', मग 'यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज' आणि शेवटी 'रिस्टार्ट'. मशीन थेट बायोसमध्ये उघडेल. शिफ्टचं बटण दाबून ठेवून स्टार्ट मेनूतलं 'रिस्टार्ट' क्लिक केलं तरी हाच निळा स्क्रीन येतो.

'यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज' हा पर्यायच दिसत नसेल, तर तुमचं विंडोज बहुधा जुन्या 'लेगसी' पद्धतीने टाकलेलं आहे. खात्री करायला सर्चमध्ये 'सिस्टीम इन्फॉर्मेशन' उघडा. तिथे 'बायोस मोड' समोर 'लेगसी' की 'यूईएफआय' ते लिहिलेलं असतं. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

काही बदलण्याआधी दोन कामं

बायोसमध्ये नुसतं जाऊन बघून बाहेर आल्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते बदल केल्यावर. म्हणून ही दोन कामं आधी करा.

पहिलं, मोबाइल हातात घ्या आणि बायोसच्या प्रत्येक पानाचा फोटो काढा. काही चुकलं तर मूळ काय होतं ते फोटोत असेल.

दुसरं काम जास्त महत्त्वाचं. काही मशीनमध्ये, विशेषतः नव्या विंडोज ११ मध्ये, डिस्कला कुलूप असतं. त्याला 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' किंवा 'बिटलॉकर' म्हणतात. कित्येकांना ते चालू आहे हे माहीतही नसतं. बायोसमध्ये सिक्युअर बूट किंवा टीपीएम बदललं, बायोस रिसेट केलं, की विंडोज पुढच्या वेळी ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती नसेल तर आतले फोटो, हिशोब, ग्राहकांची कागदपत्रं सगळं बंद. दुरुस्तीवालाही उघडून देऊ शकत नाही. विंडोज ११ च्या सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' खाली 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' आहे का बघा, आणि सर्चमध्ये 'बिटलॉकर' टाकूनही तपासा. कुलूप चालू असेल तर तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात लॉगिन करून ती की वहीत उतरवून घ्या. खातं मशीन घेताना दुकानदाराने त्याच्या ईमेलवर काढलं असेल, तर की त्याच्याकडे असणार. ते आजच विचारून घ्या, मशीन अडल्यावर नको.

आत गेल्यावर काय बदलायचं?

'बूट' नावाच्या पानावर जा. नावं बोर्डाप्रमाणे थोडी बदलतात, पण एवढं शोधा :

- 'फास्ट बूट' असेल तर 'डिसेबल' करा.
- 'फुल स्क्रीन लोगो' किंवा 'क्वाएट बूट' बंद केलं की लोगोच्या जागी तपासणीची माहिती दिसू लागते.
- 'पोस्ट डिले टाइम' असा पर्याय असेल तर तीन ते पाच सेकंद ठेवा. म्हणजे बटण दाबायला सवड मिळेल.
- यूएसबीच्या पानावर 'लेगसी यूएसबी सपोर्ट' चालू ठेवा.

मग एफ १० दाबून 'सेव्ह' करून बाहेर या. ज्या मशीनवर एफ १० ने सेव्ह होत नाही, तिथे 'सेव्ह अँड एक्झिट' पान असतं.

विंडोजची घाईही बंद करायची तर 'कंट्रोल पॅनल', 'हार्डवेअर अँड साउंड', 'पॉवर ऑप्शन्स', मग 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू'. तिथे वरची 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' ही ओळ दाबा, 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप' समोरची टिक काढा आणि सेव्ह करा. मशीन सुरू व्हायला थोडा वेळ जास्त लागेल, नुकसान काही नाही.

विंडोज ११ साठी आत गेला असाल तर टीपीएम शोधा. इंटेलच्या मशीनमध्ये त्याचं नाव 'पीटीटी' असतं, एएमडीच्या मशीनमध्ये 'एफटीपीएम'. मात्र तुमचा बायोस मोड 'लेगसी' असेल, तर घाईने 'यूईएफआय ओन्ली' किंवा सिक्युअर बूट चालू करू नका. जुनं विंडोज उघडणार नाही, 'बूट डिव्हाइस सापडत नाही' असा मेसेज येईल. आलाच तर घाबरू नका, फोटो बघून सेटिंग पहिल्यासारखी करा. डेटा जागेवरच असतो.

पायरी ५ : सेल तपासा

तुम्ही फास्ट बूट बंद केलं, दोन दिवस ठीक चाललं आणि पुन्हा पहिल्यासारखं झालं. किंवा रोज सकाळी तारीख जुनीच दिसते, ब्राउझर म्हणतो घड्याळ मागे आहे, सरकारी पोर्टल उघडत नाही. ही बोर्डावरचा सेल संपल्याची लक्षणं आहेत. हा सीआर २०३२ नावाचा, ३ व्होल्टचा, साधारण रुपयाच्या नाण्याएवढा सेल असतो. वीज नसताना घड्याळ त्याच्यावर चालतं आणि बऱ्याच बोर्डांवर बायोसच्या सेटिंगही त्याच्यावर टिकतात.

बोर्डाचं बटण चालू असलं की सीपीयू बंद असूनही मशीनला थोडी वीज मिळते आणि सेल वाचतो. आपल्याकडे लोडशेडिंग, वरून रात्री भिंतीवरचं बटण बंद करायची सवय, त्यामुळे भार सेलवर पडतो. म्हणून बटण चालूच ठेवा असं म्हणत नाही, विजा कडाडताना प्लग काढलेलाच बरा. सेल काही वर्षांनी बदलावा लागतो एवढंच. शंभर रुपयांच्या आतलं काम आहे.

बदलताना मशीन शट डाउन करा, प्लग काढा, सीपीयूचं बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेली वीज निघून जाते. सीपीयूच्या पत्र्याला हात लावा, मग सेलची क्लिप दाबून तो काढा. कोणती बाजू वर होती ते बघून ठेवा. पाचदहा मिनिटांनी नवा बसवा. बऱ्याच बोर्डांवर यामुळे बायोस रिसेटही होतं आणि अल्ट्रा फास्टमुळे बंद झालेलं दार उघडतं. पण रिसेट म्हणजे सेटिंगमधला मोठा बदल. वर सांगितलेली ४८ अंकी की आणि फोटो हाताशी नसतील तर हे करू नका.

हे मात्र करू नका

स्क्रीन दिसत नाही म्हणून बायोस अपडेट करत बसू नका. अपडेट चालू असताना लाइट गेली तर चांगला बोर्डही खरंच मरू शकतो. पॉवर सप्लायचा डबा उघडू नका, प्लग काढल्यावरही त्यात वीज साठलेली असते. बायोसला पासवर्ड विचारत असेल तर अंदाजाने टाकत बसू नका. ऑफिसातून निघालेल्या मशीनवर जुना पासवर्ड राहिलेला असतो आणि काही मशीनवर सेल काढूनही तो जात नाही. ज्याच्याकडून मशीन घेतलं त्यालाच तो काढून द्यायला सांगा.

विंडोजही उघडत नाही, स्क्रीन पूर्ण काळा आणि आतून बीप बीप आवाज येतो, असं असेल तर तो आजार वेगळा. तिथे रॅम किंवा इतर भाग तपासावे लागतात.

दुकानात नेताना

एवढं करूनही जमलं नाही तर मशीन जरूर दाखवा. आधी कामाच्या फाइल पेनड्राइव्हवर किंवा दुसऱ्या डिस्कवर घ्या, कारण विंडोज नव्याने टाकताना सी ड्राइव्हवरचं सगळं जातं. दुकानात मोघम 'बायोस येत नाही' म्हणू नका. 'विंडोज चालतंय, फक्त सुरुवातीचा स्क्रीन दिसत नाही. कीबोर्ड आणि केबल बदलून बघितली' असं सांगा. समोरचा 'बोर्ड गेलाय' म्हणाला तर शांतपणे विचारा, 'बोर्ड गेलाय तर मग विंडोज कसं उघडतंय?' चांगला कारागीर असेल तर तो खरं कारण दाखवेल. नसेल, तर मशीन उचलून दुसऱ्या दुकानात न्या. आणि नवा बोर्ड घालायचंच ठरलं, तर जुना बोर्ड परत मागून घ्या आणि पक्कं बिल घ्या.